फक्त पहिलं नाव

"अरे, अपने यहाँ भी तो एक है ना!"

मनन सर असं म्हणाले आणि कॉन्फरन्स रूममधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. नाव घेतलं नव्हतं. बोटही दाखवलं नव्हतं. गरज नव्हती. सगळ्यांना माहीत होतं. कुणाला माहीत नाही असं फक्त मला वाटत होतं.

आमची डिजिटल मार्केटिंगची एजन्सी. इंदूरला, विजयनगरात, चकचकीत काचेच्या बिल्डिंगमध्ये. त्या सकाळी आमच्या एका टिफिनवाल्या क्लाइंटची इज्जत सोशल मीडियावर धुतली जात होती. त्यांच्या किचनमध्ये कमलाबाई नावाची बाई भाज्या करायची. तिने आंबेडकर जयंतीची सुट्टी मागितली. सुट्टी मिळाली. परत आली तर तिला चुलीपुढून उठवून भांडी घासायला बसवलं. ती बसली नाही, घरी गेली. तिच्या पोरीने तिचा व्हिडिओ काढून टाकला. व्हिडिओत ती रडत नव्हती. एवढंच म्हणत होती, "कल तक मेरे हाथ की दाल अच्छी थी। छुट्टी माँगी तो हाथ खराब हो गए?"

तो व्हिडिओ अख्ख्या शहरात फिरला. ऑर्डरी तुटायला लागल्या. क्लाइंटने आमच्या सरांना फोन केला, संभाल लो. आणि सरांना मी आठवले.

"सिंपल है," सर म्हणाले. "तू कैमरे पर आ। पूरा नाम बोल। बोल कि मैं भी उसी समाज से हूँ, इन्हीं का टिफिन खाती हूँ, मेरे साथ तो कभी कुछ नहीं हुआ। तेरे ही अकाउंट से डालेंगे। ऑथेंटिक लगेगा।"

पूरा नाम.

याच माणसाने मला नोकरीवर घेताना केबिनमध्ये बसवून समजावलं होतं, "क्लाइंट के सामने सिर्फ फर्स्ट नेम रखना। शॉर्ट है, कैची है।" बाकी सगळ्यांच्या आयकार्डावर आडनावं होती. जोशी, जैन, अग्रवाल. ती कॅची नव्हती तरी होती. माझ्या कार्डावर नुसतं नाव. लहान मुलीच्या वहीवर असतं तसं. आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, आजकाल असंच चालतं. आईचे वडील फौजेत होते, महूला, बाबासाहेबांच्या जन्मगावी. छातीवर नावाची पट्टी लावून हिंडायचे. ती काय समजायचं ते समजली.

दर महिन्याला शहरातल्या टेकवाल्यांचा मीटअप असतो. आम्ही सगळे जायचो. स्टेजवरून दर दुसऱ्या वाक्यात कम्युनिटी, कम्युनिटी. खाली पोह्यांच्या प्लेटी. एकदा एका स्टार्टअपवाल्याने माझं काम फार वाखाणलं. मग विचारलं, "पूरा नाम?" मी सांगितलं. "अच्छा... महू साइड?" म्हणाला, आणि त्याला एकदम फोन आला. फोन वाजला नव्हता. तो आलाच.

तेव्हा मी पोहे खाऊन घेतले. काय करणार होते?

आता त्याच आडनावाची गरज पडली होती. तासाभरात स्क्रिप्ट आली. रिंग लाइट लागली. स्टूल ठेवलं. रिचा माझ्या शेजारी बसणारी, डब्यातली चटणी मला देणारी. तीच एक निळी ओढणी घेऊन आली.

"ये डाल ले ना। रिलेट होगा।"

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर काही वाईट नव्हतं. तेच जास्त लागलं. ती मला कपड्याला मॅचिंग बांगडी द्यावी तशी ती ओढणी देत होती. माझी आई हा रंग घेऊन रस्त्यावर उतरते. इथे तो प्रॉप होता.

ओढणी मी घेतली नाही. स्टुलावर मात्र बसले. का बसले, सांगता येत नाही. पाय आपोआप गेले. ऑफिसात पाय असेच जातात. वरून सांगितलं की जातात.

"रोलिंग," सर म्हणाले.

मी पूर्ण नाव बोलले.

त्या खोलीत पहिल्यांदा. माझ्याच कानाला ते परकं वाटलं. मग माझ्या बापाचं वाटलं. मग माझं. पुढची ओळ समोर स्क्रीनवर होती. मेरे साथ कभी कुछ नहीं हुआ. मी ती वाचली, मनात. जीभ उचलेना. डोळ्यापुढे कमलाबाई. ही ओळ मी बोलले की ती बाई खोटी ठरणार होती. माझ्या तोंडाने. म्हणून तर मी हवी होते.

"बोल ना," सर म्हणाले. "अटक गई क्या?"

"नहीं बोलूँगी।"

"क्या?"

"हुआ है मेरे साथ। इसी ऑफिस में। आपने किया है।"

कॅमेरा चालूच होता. कॅमेरावाल्या भियाने बंद करायला हात नेला आणि मध्येच थांबवला. सर हसले. राग आला की ते हसतात.

"इमोशनल मत हो यार। ये जॉब है।"

"आपने कहा ना, अपने यहाँ एक है," मी म्हटलं. "वो एक मना कर रही है।"

खाली उतरले. बॅग घेतली आणि जिना उतरले. लिफ्टची वाट बघवली नाही.

नोकरी गेली. कारण लिहून आलं, टीमशी जमत नाही. त्यांनी दुसरी मुलगी आणली, ऑडिशन घेऊन. तिने ती ओढणीही घेतली आणि ओळही बोलली. छान बोलली. लाइक्स पडले. टिफिन पुन्हा चालू लागले. आई म्हणाली, "बेटा, थोडा सबर करायचा ना. दुसरी नोकरी लागली असती, मग बोलली असतीस." तिचं चुकलं नाही. घर तिला दिसत होतं. पण 'मग' म्हणजे कधी?

बडा गणपतीच्या देवळामागे कमलाबाईच्या घरी गेले. ती दारातच उभी राहिली. "तुम भी वीडियो बनाने आई हो? अब मेरे को कुछ नहीं बोलना।" मी म्हटलं, नाही, मी त्या एजन्सीतून निघाले. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आत बोलावलं नाही. दार लावून घेतलं. बरोबर केलं. तिने माझ्यावर का विश्वास ठेवावा?

तिथून आमच्या परदेशीपुऱ्यापर्यंत, घरापर्यंत, चालत आले. कमलाबाईच्या बंद दारासमोर मला कळलं होतं, नुसतं नाही म्हणून भागत नाही. माझं नाही म्हणणं त्या खोलीतच राहिलं. खोटं तेवढं बाहेर गेलं.

या महिन्याच्या मीटअपला मनन सर बोलणार आहेत. विषय आहे, ब्रँडवरचा विश्वास परत कसा मिळवावा. उदाहरण म्हणून हाच टिफिनवाला. मी आयोजकांना फोन केला, मलाही बोलायचंय. ते म्हणाले, "देखो, थोड़ा न्यूट्रल रखना पड़ेगा।" मी म्हटलं, नाही ठेवणार. मग स्टेज नाही म्हणाले.

ठीक. मी खाली बसेन, पहिल्या रांगेत. सरांचं झालं की उठेन. पूर्ण नाव सांगेन आणि त्या मुलीच्या तोंडी ती ओळ कुणी घातली ते विचारेन. माईक दिला तर माईकवर. नाही दिला तर मोठ्याने.