खाटेच्या मापाचा जिना

तापलेल्या गच्चीवर संध्याकाळी पाणी मारले की गरम सिमेंटचा एक वास उठतो. त्या वासाने मला शिंदखेड्याच्या घराचे बांधकाम आठवते.

बैठकीची खोली मोठी व्हावी म्हणून वडिलांनी जिना अरुंद ठेवायला सांगितला होता. गवंड्याने पांढऱ्या फक्कीने जमिनीवर तशी आखणीही केली. उन्हाळ्यात सारे घर गच्चीवर झोपणार होते. आईने शेजारच्या दोघांना बोलावले आणि खाट आणून त्या रेषांमध्ये ठेवायला लावली. खाट दोन्ही बाजूंनी बाहेर आली.

“आहो, हाई वर कशी जाई?”

“उभी करीसन लई जासूत,” खाट उभी धरून नेल्यासारखे हात करत वडील म्हणाले.

“आनि रोज कोन लई जाई? तुम्हीच ना?”

गवंडी हसला, शेजारी हसले. वडिलांनाही हसू आवरेना. त्यांनीच पायाने फक्की पुसली आणि खाटेच्या मापाने नव्या रेषा आखायला लावल्या.

तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली. आज त्याच जिन्याने कूलर, पापडांनी भरलेल्या खाटा आणि लग्नातल्या कढया सहज वर जातात. घरातली सर्वांत देखणी गोष्ट तो जिनाच आहे.

त्या पहिल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी खाट उचलायला वडीलच सर्वांच्या आधी उठत, आणि वर पोहोचताच तिच्यावर आडवे होत.