काचेच्या पेटीतला राम

मासे पाळावेत का, असं मला कुणी विचारलं तर मी सरळ हात जोडतो. बाबा रे, कबुतरं पाळ, शेळी पाळ, पण त्या दक्षिण अमेरिकेतल्या दोन इंची माशाच्या नादी लागू नकोस. मी लागलो होतो. छप्पन-सत्तावन्नचा सुमार असेल. कोल्हापुरात एका हायस्कुलात मी शास्त्र शिकवत होतो, लग्न व्हायचं होतं आणि घरात आई आणि मी अशी दोनच माणसं होती.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेलो आणि रंगीत माशांच्या एका दुकानासमोर पाय अडकले. अंगावर निळे ठिपके, पोटाशी पिवळा रंग, डोळ्यातून खाली उतरलेली काळी रेघ. दुकानदारानं नाव सांगितलं, राम. खरं नाव लांबलचक, कुण्या परदेशी माणसाच्या आडनावावरून पडलेलं. त्याचा शेंडा तेवढा तोडून लोक राम म्हणतात, हेही त्यानंच सांगितलं. मी नर-मादीची जोडी घेतली आणि दुधाच्या किटलीत घालून कोल्हापूरपर्यंत मांडीवर धरून आणली. गाडीत तिघांनी दुधाचा भाव विचारला.

खरी धास्ती आईची होती. तिच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात मासळीचा वासही चालत नसे, तिथं आख्खी जिवंत मासळी कशी चालायची? तिनं किटलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, हे घरात नको. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, नाव काय ह्येचं? मी म्हटलं, राम. ती बराच वेळ किटलीतच बघत राहिली. शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

मी मनात म्हटलं, झालं काम. देवाच्या नावानं मासा तरला. खुलासा करायची मला काही गरज वाटली नाही. शास्त्राचा मास्तर असून मी गप्प बसलो, आणि पुढं जे भोगलं ते याच गप्प बसण्याचं फळ, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

मग पेटीचं आलं. आमच्या पेठेत ट्रंका करणारा एक मुसलमान कारागीर होता, हाताला अतिशय नेटका. त्याच्याकडून लोखंडी सांगाड्यात काचा बसवून घेतल्या. पहिल्याच दिवशी पेटी चारी कोपऱ्यांतून गळली. तक्रार घेऊन गेलो तर त्यानं मलाच झापलं. "मास्तर, आजवर एवढ्या पेट्या केल्या, एक बी गळाली न्हाय. पेटीत कुणी पानी भरतंय व्हय?" फटींत तीनदा लांबी भरली तेव्हा कुठं गळती थांबली. हवेसाठी लॉरीची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं फुगवून तिला बारीक नळी जोडली. ती रोज दोन वेळा फुगवावी लागे. थंडीत पाणी गार पडू नये म्हणून शेजारी विजेचा दिवा. आणि खाद्यासाठी रंकाळ्याच्या काठाला जुन्या धोतराचं जाळं घेऊन पाण्यातले बारीक किडे धरायचे. म्हशी धुणारी माणसं हसायची. एकानं तर विचारलंच, पावणं, एवढ्याशा जाळ्यात कालवणापुरतं तरी गावतंय का?

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. मास्तरांच्या घरी राम आला म्हणून बायका बघायला येऊ लागल्या. मादीला त्यांनीच सीता करून टाकलं. कुणी फूल टाकी, कुणी अक्षता, आणि मी चिमट्यानं ते वेचून काढी. आई मात्र फूल टाकत नसे की हात जोडत नसे. ती त्याला नुसतं राम म्हणायची आणि मादीला 'ती दुसरी'. सकाळी चहाची बशी घेऊन पेटीपुढं बसायची. एक वाटी जुनं पाणी काढून तुळशीला घालायची आणि माठातलं एक वाटी ताजं पाणी पेटीत ओतायची. हेही तिच्या भक्तीचंच एक रूप, असं मी धरून चाललो होतो.

राम उघड्या वाळूवर निजतो म्हणून तिनंच एक चपटा काळा दगड आत ठेवला. माघात त्या दगडावर मादीनं अंडी घातली. मोहरीहून लहान, शे-दीडशे तरी असतील. मी हरखून गेलो. नर पंख्यानं वारा घालावा तसा त्यांच्यावर पंख हलवत होता. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन पाहतो तर दगड स्वच्छ! रामरायानं सगळी अंडी फस्त केली होती, आणि वर पुन्हा तोंड वासून खायला मागत होता. आई मानायला तयार होईना. पाल आली असंल, ती म्हणाली. पाण्याच्या आत पाल कशी येईल, हे मी तिला चांगलं अर्धा तास समजावलं. शेवटी कंटाळून म्हटलं, जाऊ दे, पंधरा दिवसांनी परत घालतील. ती उठून गेली.

पंधरा दिवसांनी नाही, पण दीडेक महिन्यानं घातली. या खेपेला अंडी फुटली. दगडावर नुसत्या शेपट्या वळवळताना दिसू लागल्या. नरानं वाळूत खड्डा केला आणि एकेक पिल्लू तोंडात धरून तिकडं नेऊन ठेवलं. मी शाळेत फळ्यावर माशाचं चित्र काढून पोरांना ते वर्णन करून सांगितलं. दोन दिवसांनी रामनवमी आली. देवळातून परतलो तो पेटीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालेलं. आईनं त्यात मूठभर सुंठवडा टाकला होता. गल्लीतल्या सगळ्या पोरांना दिला, मग ह्यांनी काय पाप केलं, असं तिचं म्हणणं. पाणी बदलेपर्यंत सगळी पिल्लं तळाला पडली होती. मोठी जोडी तेवढी वाचली.

माझा तोल गेला. पाच महिने किडे धरले, ट्यूब फुगवली, बायकांची फुलं वेचली, ते सगळं तोंडावाटे बाहेर पडलं. मी ओरडलो, "तो तुझा राम नाही! कुण्या परक्या माणसाच्या आडनावाचा तुकडा आहे तो. मासा आहे, नुसता मासा!" आईनं सुंठवड्याची वाटी उचलली, धुतली आणि पालथी घातली. दुसऱ्या दिवसापासून ती पेटीपुढं बसेनाशी झाली. माठातल्या पाण्याची वाटीही थांबली.

मला वाटलं, बरं झालं, आता काम शास्त्रशुद्ध होईल. वैशाखात तिसऱ्यांदा अंडी पडली. दगडासकट ती उचलून मी वेगळ्या बरणीत ठेवली. तीन-चार दिवसांत साठेक पिल्लं पोहायला लागली, डोळे आणि शेपटी एवढंच दिसायचं. आता त्यांना खायला काय घालायचं? पुस्तकात होतं, उकडलेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून थेंब थेंब द्यावा. अंडं! माळकरणीच्या घरात! मी ते शाळेच्या प्रयोगशाळेत उकडलं, रुमालात बांधून चोरासारखं आणलं आणि परसात उभं राहून गाळलं. चार दिवस पिल्लं जोमानं वाढली. मग बलक तळाशी कुजला. बरणीतलं पाणी बदलायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळी बरणीला घाण वास सुटला होता आणि एकही पिल्लू हलत नव्हतं.

मी बरणी परसात ओतून टाकली. आई तिथंच भांडी घासत होती. तिनं विचारलं, सगळी गेली? मी वैतागलेलोच होतो. म्हटलं, गेली तर गेली, जाऊ दे, पंधरा दिवसांनी परत होतील.

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुझ्या आदी एक झाला हुता मला," ती म्हणाली. "त्येचं नाव राम ठेवायचं ठरलं हुतं. पाळणा बी आणला हुता. बारशाच्या आदी दोन दीस गेला. नावाबिगार गेला. बायका यायच्या आन् म्हणायच्या, जाऊ दे ग, वर्साभरात दुसरं हुईल. तू बी सारखं त्येच म्हणतोस."

तीस वर्षं मी त्या बाईच्या पोटचा एकुलता एक म्हणून मिरवत होतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, तू त्या माशाला देव समजतेस असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "देव देव्हाऱ्यात हाय की. मासा मला कळतोय." आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

मला लाज वाटली. एवढी लाज मला तोवर कधी वाटली नव्हती. संध्याकाळी मी ती पाण्याची वाटी घासूनपुसून पेटीजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहाची बशी घेऊन पुन्हा तिथं येऊन बसली.

चौथ्या खेपेची अंडी आषाढात पडली. मी दगड बाहेर काढला, पण बरणी तिच्या हवाली केली. बलकाचंही तिला सांगून टाकलं. माळेला हात लावून ती म्हणाली, परसात उकड, भांडं येगळं ठेव. रोज सकाळी वाटीभर पाणी काढायचं, वाटीभर घालायचं. हळदीच्या चिमटीएवढाही बलक जास्त पडला की ती माझा हात धरायची. तरीसुद्धा पिल्लं मरतच होती. रोज दोन, रोज तीन. 'जाऊ दे' मात्र मी पुन्हा म्हटलं नाही. मेलेलं पिल्लू ती चमच्यानं काढून तुळशीच्या मुळाशी घालायची. एका बाईनं येऊन नावं काय ठेवणार म्हणून विचारलं, तर आईनं तिला गप्प केलं. बारा दिवस जाऊ देत, मग बघू.

बाराव्या दिवशी मी मोजली. सहा होती. आईनं पुन्हा मोजायला लावली. सहाच भरली.

त्या दिवशी तिनं हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या आणि गल्लीत घरोघर वाटल्या. कशाच्या म्हणून लोकांनी विचारलं तर म्हणाली, बारशाच्या. लोक माझ्याकडं बघून हसले, मास्तरांचं अजून लग्न नाही आणि बारसं कुणाचं? शेवटच्या घुगऱ्या वाटीत घेऊन ती पेटीशेजारी ठेवलेल्या बरणीपुढं बसली आणि एकेक दाणा सावकाश खात राहिली. पाण्यात मात्र तिनं एकही दाणा टाकला नाही.