आबासाहेबांच्या गाडीतलं पाणी

देवासच्या इंदूर रोडवर गाड्यांच्या सीटा आणि टप शिवणारी दुकानं पुष्कळ आहेत, पण ‘भाभीचं दुकान’ म्हटलं की ते कमल कानुनगोंचंच. कानुनगो हे आडनाव संस्थानच्या नोकरीतून चिकटलेलं. पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालवलेल्या त्या घरात कमलच्या नवऱ्यानं, उमाशंकरनं, सुई आणि रेग्झिन हातात घेतलं, तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली होती. तो अकाली गेला आणि कमल स्वतःच मशीनवर बसू लागली, तेव्हा मुरडायला नाकं उरली नाहीत. ती कुणाकडे मागायला गेली नाही, आणि कुणी द्यायला आलंही नाही.

कमलचा हात जितका सफाईदार, तितकीच जीभ तिखट. सतवासचा ट्रॅक्टरवाला असो की लोहारद्याचा वरातीच्या जीपवाला, घाई करणाऱ्याला ती मशीनवरून मान वर न करता सांगायची, “भिया, घाई असेल तर गोणपाट बांधून जा. बरातीला कोण बघतंय?” तरी लोक तिच्याकडेच यायचे. गाडीत पाणी कुठून शिरतं हे शोधण्यात तिचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. उमाशंकरनं तिला एकच गोष्ट पक्की शिकवली होती, की पाणी जिथं दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं. ते आडवाटेनं येतं, कापडाखालून, पत्र्यामागून, आणि भलतीकडेच डोकं वर काढतं. म्हणून कमल गाडी आतून कोरडी पुसायची, सांध्यासांध्यावर कोरडी रांगोळी भुरभुरायची आणि बाहेरून तांब्यानं थोडं थोडं पाणी ओतायची. पाणी जिथून वाट काढील तिथली रांगोळी भिजून काळी पडायची. शेजारच्या गॅरेजवाल्यांना आधी याचं हसू यायचं. पुढे तेही रांगोळी मागायला यायला लागले.

एवढी जाणती बाई धारच्या आबासाहेबांच्या गाडीपुढे मात्र सपशेल हरली होती.

आबासाहेब म्हणजे बळवंतराव. जुन्या दरबारी घराण्यातले, पण आता पेट्रोल पंप आणि थोडी शेती सांभाळणारे. गाडी निळी, विलायती, कापडी टपाची. इंदूरच्या एका हौशी माणसाकडून जुनी घेतलेली. लोकांना वाटायचं, म्हातारपणी चळ लागला. खरं कारण त्यांच्या पत्नी नर्मदाबाई होत्या. मागे मनावरहून येताना त्यांची बस उलटली होती, दार दबलं होतं, आणि काच फुटेपर्यंत त्या माणसांच्या ढिगाखाली पडून राहिल्या होत्या. तेव्हापासून बंद गाडीत बसलं की त्यांचा श्वास कोंडायचा. मुलानं, रणवीरनं, चांगली ऐसपैस गाडी घेऊन पाहिली. त्या कोपऱ्यावरूनच रडत परत आल्या. कापडी टपाच्या गाडीत मात्र त्या बसल्या. पावसात टप वर ओढला तरी बसल्या. म्हणाल्या, “कापड आहे. वेळ आली तर फाडता येईल.”

या गाडीमुळेच त्या देवासला येऊ शकत. देवासला त्यांची थोरली बहीण भवानीबाई राहायची. नर्मदाबाई तिला अक्कासाहेब म्हणत. अक्कासाहेबांचे यजमान गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वारले. मूलबाळ नाही, गुडघे धरलेले. घराबाहेर पडणं जवळजवळ संपलेलं. दर पंधरवड्याला धाकटी बहीण यायची, तेवढाच त्यांचा सण. आणि नेमकं त्या वर्षीच्या पावसाळ्यापासून गाडीच्या मागच्या सीटखाली पाणी साचायला लागलं. नर्मदाबाई मागेच बसायच्या, पाय लांब करून. चप्पल भिजायची, लुगड्याचा काठ भिजायचा, आणि गालिच्याला आंबूस वास मारायचा.

टप कमलनं स्वतः शिवला होता. रणवीरनं फोन करून “काकू, गाडी में पानी आ रहा है” म्हटल्याबरोबर तिनं उत्तर दिलं, “माझी शिलाई गळत नाही.” आणि इथंच बाईची गाडी रुळावरून घसरली. आपली शिलाई गळत नाही हे सिद्ध करायच्या नादात तिनं सगळा शोध टपातच घेतला. टाक्यांवर मेण चोळलं. काचेभोवतीचं रबर बदललं. वर पाणी ओतलं, थेंबसुद्धा आत आला नाही. छाती पुढे काढून गाडी परत दिली, आणि पुढच्याच पावसात पुन्हा तळं. परत आणली, परत तेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

यंदाच्या पावसाळ्यात नर्मदाबाईंना ओल्या पायांनी ताप भरला, तो छातीत उतरला. मग रणवीरनं आवाज न चढवता सांगून टाकलं, “काकू, आता शेवटचं. ठीक झाली तर झाली. नाहीतर मी विकतोय. माँ को बीमार करके मौसी से नहीं मिलवाना मुझे.” त्याचंही चूक नव्हतं. पण गाडी गेली असती तर त्या दोन म्हाताऱ्या बहिणी धार आणि देवासला बसून फोनवरच एकमेकींना जपत राहिल्या असत्या. कमलला हे कळत होतं, म्हणून तिला पहिल्यांदाच आपल्या हातांची धास्ती वाटली.

त्या दिवशी आबासाहेब आणि नर्मदाबाई अक्कासाहेबांकडे जेवून परस्पर दुकानात आले. आबासाहेब औषधं आणायला चौकात गेले. नर्मदाबाई खुर्चीवर बसल्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. कमलनं गाडी पुसली, रांगोळी टाकली, आणि या खेपेला टपाला हातही न लावता मागच्या काचेच्या खाली, जिथं टप घडी होऊन बसतो त्या खाचेत तांब्या रिता केला. थोड्या वेळानं सीटच्या पाठीमागची रांगोळी काळी पडत खाली उतरू लागली.

“सापडलं!” कमल ओरडली. “वहिनीसाहेब, पाणी टपातून नाहीच येत. टपावरून ओघळलेलं पाणी या खाचेत जमतं आणि कोपऱ्यातल्या नळीनं खाली रस्त्यावर जायला पाहिजे. नळी तुंबलीय. म्हणून भरून आत सांडतंय. सीट काढते आता.”

“सीट कशाला काढता?” नर्मदाबाई एकदम म्हणाल्या. “असू द्या. उशीर होईल.”

“एक वर्ष उशीर झालाय, अजून घटकाभर होऊ द्या.”

कमलनं सीट काढली, खाचेत हात घातला. पानं असतील, नाहीतर उंदरानं घर केलं असेल, असा तिचा अंदाज. हाताला लागला तो लगदा. मूठभर बाहेर काढून उजेडात धरला. फुगून आंबलेले तांदूळ होते. मग एक सुपारी निघाली, नळीच्या तोंडात बूच मारल्यासारखी बसलेली. आणि तिच्यामागून हळकुंड. एक, मग आणखी एक, मग आणखी.

तांदूळ, सुपारी, हळकुंड. मराठी घरातल्या बाईला आणखी काही सांगावं लागत नाही. ही ओटी होती. एकदा नव्हे, वर्षभर भरलेली आणि वर्षभर इथं टाकलेली.

कमलनं मागे पाहिलं. नर्मदाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“अक्कासाहेबांनी भरलेली?” कमलनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग सांगायला लागल्या, थांबत थांबत. लग्न झाल्यापासून प्रत्येक खेपेला निघताना अक्कासाहेब त्यांची ओटी भरायच्या. यजमान गेल्यावरच्या पहिल्या भेटीतही त्यांचा हात सवयीनं तांदळाकडे गेला, आणि मग मध्येच थांबला. त्या थांबलेल्या हाताकडे नर्मदाबाईंना बघवेना. त्यांनी स्वतःच पदर पुढे केला. “नाही कसं म्हणणार, कमलताई? तिला दुसरं कोण आहे? पण यांच्या हृदयात मागच्याच वर्षी स्प्रिंगा बसवल्यात. ते तांदूळ घरी न्यायचा मला धीर होईना. काही झालं तर? रस्त्यावर टाकावेत तर अन्न आहे, कुणाचा पाय लागेल. म्हणून मागे हात करून तिथं… मला वाटलं, खालून शेतात कुठंतरी पडत असतील.”

हातातला लगदा कमलला तसाच त्यांच्यापुढे आपटावासा वाटला. उमाशंकर गेल्यावर गल्लीतल्या हळदीकुंकवाचं बोलावणं कसं बंद झालं होतं ते तिला आठवलं. कुणी ‘येऊ नको’ म्हटलं नव्हतं, नुसतं कुणी ‘ये’ म्हणायचं थांबलं होतं. ती म्हणाली, “वहिनीसाहेब, माझाही नवरा गेलाय. माझ्या हातानं शिवलेल्या टपाखाली बसता तुम्ही. तेव्हा नाही भीती वाटली?”

नर्मदाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि रडू लागल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “वाटते. मला सगळ्याचीच भीती वाटते. तुम्हाला खोटं कशाला सांगू?”

कमलला राग तर होताच, तो कुठं गेला नव्हता. पण बसच्या पत्र्याखाली दबून आलेली, कापड फाडता येईल एवढ्याच आशेवर घराबाहेर पडणारी बाई समोर बसली होती. त्यातूनही ही बाई दर पंधरवड्याला जीव मुठीत धरून बहिणीकडे येत होती आणि तिच्यापुढे पदर पसरत होती. कमलनं तारेनं नळी साफ केली, सायकलच्या पंपानं हवा मारली, पुन्हा तांब्या ओतला. पाणी मागच्या चाकामागून खळखळ रस्त्यावर पडलं.

तेवढ्यात आबासाहेब आले. “काय निघालं, कमलताई?”

कमलनं लगद्याचं फडकं गुंडाळलं. “कचरा होता. झालं आता. गाडी विकायची गरज नाही.”

गोष्ट तिथंच संपली असती. पण नर्मदाबाई खुर्चीवरून उठल्या.

“कचरा नव्हता,” त्या म्हणाल्या. “अक्कासाहेबांनी भरलेली ओटी होती. मी टाकत होते. तुमच्या जिवाला काही होऊ नये म्हणून टाकत होते. पाणी माझ्यामुळंच येत होतं.”

आबासाहेबांनी फडकं उघडून पाहिलं. ते रागीट म्हणून प्रसिद्ध होते, त्यामुळे कमलनं उगाच पाना हातात घेऊन फिरवायला सुरुवात केली.

“आजची कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

नर्मदाबाईंनी पदराची गाठ सोडली. पांढरेशुभ्र तांदूळ, वर हळकुंड आणि सुपारी. आबासाहेबांनी चिमूटभर तांदूळ उचलले आणि तसेच कच्चे तोंडात टाकले. नर्मदाबाईंनी त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला, पण ते चावत होते, दात शाबूत असलेल्या बाजूनं, सावकाश.

“डॉक्टरनं तूप बंद केलंय, मीठ बंद केलंय,” ते म्हणाले. “अक्कासाहेबांचे तांदूळ बंद केलेले मला आठवत नाहीत. बसा गाडीत.”

“कुठं?”

“परत. त्यांच्याकडे.”

“नको हो! काय तोंड दाखवू? काय सांगू त्यांना?”

“टाकले ते सांगायचं नाही. ते आपल्या दोघांत, आणि या कमलताईंत.” आबासाहेबांनी मागचं दार उघडून धरलं. “म्हणावं, तांदूळ फार थोडे घालता. यांना पुरत नाहीत. अजून घाला.”

नर्मदाबाई पदर दोन्ही हातांनी सावरत आत बसल्या, एक दाणा सांडू न देता. गाडी इंदूरकडे न जाता उलटी वळली आणि टेकडीच्या बाजूला, अक्कासाहेबांच्या घराकडे निघून गेली. दुकानासमोर भर रहदारीत, हातात पाना घेऊन, कमल कानुनगो मोठ्यानं रडत होती, आणि शेजारच्या गॅरेजवाल्यांपैकी एकाचीही तिला काय झालं म्हणून विचारायची हिंमत झाली नाही.