कपडे वाळायची हवा

आमची लाँड्री विद्यानगरात. शाळा मी दुसरीत सोडली, म्हणजे शाळेनंच मला सोडलं म्हणा. पण हवा मला कळते असं पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. गच्चीवर जायचं, बोट थुंकीनं ओलं करून वर धरायचं, की सांगतो चादर किती वाजता वाळेल. चादरीच्या बाबतीत अजून चुकलो नाही. चुकलो पोरीच्या बाबतीत, आणि तेही चार लोकांसमोर, मोठ्यानं ओरडून.

पोरगी विमान चालवायला शिकते. गावाबाहेर ट्रेनिंगचं मैदान आहे, तिथं. सोमवारी तिची टेस्ट होती, आणि त्याआधी एकदा एकटीनं उडून यायचं बाकी होतं. ते झालं नाही तर सोमवार गेला, मग पुढची तारीख त्यांच्या मर्जीनं.

शुक्रवारी सकाळी गच्चीवर गेलो तर काय हवा! ऊन कडक, आभाळ धुऊन निळीत बुडवून काढल्यासारखं, आणि वारा असा की ओली जीन पॅन्ट तासाभरात वाळावी. पोरगी पहाटेच मैदानावर गेली होती. मी खाली ओरडलो, "एक नंबर हवा आहे, चला!" दुकान बंद केलं. बायको, तिचा हिमायतनगरचा भाऊ, पेढ्यांचा डबा, सगळी वरात ऑटोत घालून निघालो.

तिथं खांबावर वारा दाखवायला नारिंगी कापडाची नळी बांधलेली असते. मला ती पायजम्याचा एक पाय वाटते. त्या दिवशी तो पाय रनवेला आडवा, ताठ, आणि मधेच झटके खात होता. मी म्हटलं, वा, काय फडफडतंय! पोरगी विमानाजवळ उभी राहून तेच बघत होती. बराच वेळ बघितलं आणि मग शिकवणाऱ्या सरांकडे गेली.

सर म्हणाले, "तू ठरव."

"नाही उडत, सर. वारा आडवा आहे, झटके पण आहेत. मला झेपायचा नाही."

सरांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं. त्यांचं संपलं. माझं सुरू झालं.

"अगं डोकं फिरलं का तुझं? एवढं ऊन पडलंय! आभाळात ढगाचं पिल्लू नाही! पंचवीस वर्षं हवा बघतोय मी!"

मेव्हण्याला तर आयतंच मिळालं. "दाजी, कायकू गळा फोडताय? घाबरली तुमची पायलट. घरी बसवा, इस्त्री शिकवा."

"इस्त्री येते मला, मामा," पोरगी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बाबा, असल्या वाऱ्यात तुम्ही गिऱ्हाइकाची शिफॉनची साडी दोरीवर टाकता का?"

"येडी आहेस का? एका झटक्यात शेजारच्या टाकीवर जाईल."

"मग काय टाकता?"

"चादरी. जीन पॅन्टी. वजनाचं सगळं."

"माझं विमान शिफॉनची साडी आहे. आणि आत मी आहे."

दोन वर्षांपूर्वी अशाच वाऱ्यात माझ्या दोरीवरून एक साडी गेली होती. माकडानं नेली असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. खरं काय ते फक्त या पोरीला माहीत होतं, आणि तिनं ते आत्ताही मामाला सांगितलं नाही.

"तरी पण दाजी, सोमवार गेला तर?" मेव्हणा म्हणाला. "मी माझ्या दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलंय. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे!" मी परत ओरडलो. फक्त या वेळी तोंड दुसरीकडे होतं. "माझी पोरगी नाही म्हणाली. मला जन्मात जमलं का ते? गिऱ्हाईक म्हणतं संध्याकाळी द्या, मी म्हणतो हाव, देतो की, आणि ओली पॅन्ट इस्त्रीनं भाजून देतो. हिनं सरांसमोर नाही म्हटलं, तुझ्यासमोर म्हटलं, पेढ्यांसमोर म्हटलं!"

पेढे ऑटोतच खाल्ले. सगळ्यात जास्त बायकोनंच खाल्ले.

शनिवारी पण तसलाच वारा. रविवारी उठलो तर आभाळ राखाडी, वर ढगांचं झाकण, आणि वारा मेलेला. दोरीवरच्या पॅन्टी सरळ खाली, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारख्या. मी सवयीनं बोट ओलं केलं. "हवा खराब आहे आज."

पोरगी मागे फोन बघत उभी होती. "ढग उंच आहेत, लांबपर्यंत स्वच्छ दिसतंय, वारा नाहीच. बाबा, आज मस्त हवा आहे."

ती गेली. मी गेलो नाही. माझं हवेतलं ज्ञान मैदानापासून जितकं लांब तितकं बरं.

दुपारी गल्लीतली तेलुगू बाई आली. "अय्यो भैया, मेरे कपडे?"

"नै सूखे."

"शाम को देते?"

'हाव, देतो' जिभेवर आलंच होतं. गिळलं. "शामकू बी नै. कल बी पक्का नै. आज हवा अच्छी है, अम्मा."

"हवा अच्छी है तो कपडे कैकू नै सूखे?"

ती तावातावानं भांडत होती तेवढ्यात फोन वाजला. पोरगी म्हणाली, "उतरले, बाबा." मी फोन तसाच कानाला धरून बाईला म्हटलं, "भांडो अम्मा, जितना भांडना है भांडो."

सोमवारी टेस्ट झाली. पास झाली. बाईचे कपडे मंगळवारी वाळले.