अर्धा राहिलेला बगळा

चहा उकळेपर्यंत वैजयंती एका पायावर उभी राहते. सासरी, कामरगावला आल्यापासूनची ही खोड. डावा पाय उचलून उजव्या गुडघ्याशी टेकवायचा, हात सैल सोडायचे आणि नजर एका जागी, बहुतेक चहापत्तीच्या डब्यावर. सून नवसबिवस फेडून राहिली की काय, म्हणून सासूबाई, जमनाबाई, पहिल्या वर्षी घाबरल्या होत्या. पुढे त्याच आल्यागेल्याला सांगू लागल्या, आमच्या घरी बगळा हाये, मासोळ्या तेवढ्या नाईत.

बगळा हे खरंच होतं. माहेरी, वाशीमकडच्या मालेगावला, उदयसिंग सर संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरींना कराटे शिकवायचे. सर तांड्यावरचे. लहानपणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर दूर गेले, तिथल्या कारखान्याच्या चौकीदाराकडून शिकले आणि गावी येऊन शिकवू लागले. त्यांच्याकडे वाघ, साप, माकड, बगळा असे प्राण्यांचे डाव होते. वाटणीची रीत मात्र त्यांची स्वतःची. जो प्राणी तुमच्यात नाही, तो तुमच्या वाट्याला. वैजयंतीच्या वर्गातली योगिनी हजेरीलासुद्धा घाबरत ओ द्यायची, म्हणून तिला वाघ. बोटं वाकवून, कमरेतून जोर काढून ती कितीतरी दिवस हवा ओरबाडत राहिली आणि एके सकाळी तिचा आवाज वर्गाच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. मास्तर दचकले.

वैजयंतीलाही वाघच हवा होता. पण तिच्या पायाला भिंगरी, जेवता जेवता दहादा उठणारी पोर. सर म्हणाले, तुले बगळा. ती घरी येऊन रडली.

डाव खरा क्रौंचाचा, लांब पायांच्या, पंख पसरून नाचणाऱ्या पक्ष्याचा. तो तिकडे कुणी जवळून पाहिलेला नव्हता. सरांनी मग वखरामागे किडे टिपत चालणारे बगळे दाखवले, आणि मालेगावच्या पोरी पाऊल टाकताना मान पुढेमागे करू लागल्या. वाशीमच्या स्पर्धेत बाहेरगावच्या पंचांनी विचारलं, हा कोणता पक्षी? अख्खा मंडप हसला. सरांनी मान काही बदलली नाही, वैजयंतीनेही नाही.

कारण तोवर तिला ती जागा सापडली होती. आधी मांडी थरथरायची. थरथर हळूहळू टाचेत उतरायची आणि तिथून जमिनीत जिरायची. श्वास पोटाशी येऊन बसला की आईची हाक, गणिताचा पेपर, सगळं मैदानाच्या कडेलाच थांबायचं. आत फक्त ती.

डावाचा शेवट तेवढा राहिला. पाय वर, हात पसरलेले, आणि यापुढे बगळा उडतो. ते सोयाबीन निघाल्यावर शिकवीन, असं सर म्हणाले होते. सोयाबीन निघालं, आणि वैजयंतीचं लग्नही निघालं.

त्यानंतर तिने तो डाव गॅससमोर केला, गच्चीवर केला, लेकराच्या आजारपणात दवाखान्याच्या व्हरांड्यात केला. दरवेळी त्या उचललेल्या पायाशीच अडली. तिथून पाय खाली ठेवताना तोंडातला घास काढून घेतल्यासारखं वाटायचं.

या उन्हाळ्यात योगिनीचा फोन आला. सरांना लकवा झाला होता, एक बाजू गेली, बोलणं अडखळत. वैजयंतीचं मन भरून आलं, आणि त्याच क्षणी तिला तो शेवट आठवला. त्याची तिला लाज वाटली. पण तिचाही उजवा गुडघा हल्ली कुरकुरत होता. नवऱ्याला, धनराजला, ती म्हणाली, विचारून येते. काय विचारायचंय हे त्याने विचारलं नाही. बसची वेळ सांगितली.

कारंजा, शेलूबाजार मागे टाकत ती मालेगावला उतरली आणि ऑटोने तांड्यावर गेली. सर कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. रुपाबाईंनी, सरांच्या बायकोने, पाण्याचा गडवा देता देता तिला ओळखलं. "मान हालवणारी पोरगी ना वं तू?"

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग वैजयंतीने पदर खोचला, चपला काढल्या. सरांनी चांगल्या हाताची दोन बोटं उचलली, म्हणजे सुरू कर. पाऊल पडलं, मान पुढे गेली, मागे आली. कोंबड्या बाजूला सरल्या. गुडघ्यातून कळ आली तरी तिने पाय उचलला, हात पसरले आणि थांबली.

"सर, याच्या पुढचं सांगा. लय वर्सं झाले, मी इथंच उभी आहो."

सर तिच्या पायाकडे पाहत, एकेक शब्द जुळवत म्हणाले,

"मलेबी येत नाई, पोरी. टोळी उठली, आमी गावी आलो. त्या चौकीदारानं मले इथवरच देल्लं."

"मंग सोयाबीन निंगाल्यावर?"

"वाटे, तवापर्यंत सुचंन काई."

रुपाबाई चुलीकडून म्हणाल्या, की मैदानावरून आल्यावर हेही याच अंगणात असेच उभे राहायचे, आणि त्या भाकर झाकून बसायच्या.

वैजयंतीला राग यायला हवा होता. तिला तो अंगणातला माणूस दिसला, ऐन उमेदीतला, हात पसरून उभा, अगदी तिच्याच जागी.

"राय जराशी उभी," सर म्हणाले. "मले पाहू दे."

तिची मांडी थरथरू लागली. थरथर खाली उतरण्याची ती वाट पाहत राहिली. बाजेखाली सरांच्या चांगल्या पायाची टाच जमिनीपासून थोडी उचलली गेली होती.