शेवटची तीन प्रकरणं

विलायतेतल्या चार गाणाऱ्या पोरांचं अधिकृत चरित्र आम्ही दोघी मैत्रिणींनी तेलगावात बसून मराठीत उतरवलं, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्या पोरांची दोनच गाणी आम्ही ऐकली होती, तीही खरखरणाऱ्या कॅसेटवर. पुस्तक मैत्रिणीच्या मामानं पुण्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं, भाचीचं इंग्रजी सुधारावं म्हणून. बारावीनंतर दोघी घरीच होतो. ती रोज दुपारी आमच्याकडं यायची, मांडीवर डिक्शनरी घेऊन एकेक वाक्य फोडून सांगायची आणि मी ते दोनशेपानी वहीत लिहायची.

“अधिकृत म्हंजी काय गं?” मी एकदा विचारलं.

“त्या पोरांनी सोता वाचून व्हय म्हणलेलं. म्हंजी लपवालपवी लई आसंल,” ती म्हणाली.

पुस्तकातल्या माणसांशी ती अशी भांडायची. त्या चौघांतला गाणी लिहिणारा आणि ती म्हणणारा, हे दोघं लहानपणापासूनचे जिगरी दोस्त. नवव्या प्रकरणाच्या शेवटी त्यांचं बिनसतं आणि लिहिणारा सामान उचलून निघून जातो. आम्ही तिथवर आलो आणि तिचं लग्न ठरलं. चकलांब्याचं स्थळ, पाण्याखालचं रान, घरचं कापडाचं दुकान. पुढची तीन प्रकरणं राहिली. पुस्तक सोबत नेते म्हणाली, तर तिच्या आईनं ते हातातून काढून घेतलं. “उघड्या छातीची पोरं हायत त्याच्यात. सासरचे काय म्हणतील?”

मग ते माझ्याकडं ठेवलं. उरलेलं मी एकटीनं उतरवायचं आणि पोस्टानं पाठवायचं, असं ठरलं. तिनं शेवटची पानं चाळूनसुद्धा पाहिली नाहीत. “त्या दोघांचं पुढं काय झालं ते तूच सांगायचं. दुसऱ्या कुणाकडून मी ऐकणार न्हाई,” म्हणाली.

लग्नात नवरदेवानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. ही रीत मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते. पण आजवर ज्यांची नावं बदलली त्या माझ्या कुणी नव्हत्या. बायकांनी तिला ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि ती वाचून चक्क हसली. मी नाकावर माशी बसू न देणारी. ते हसू मला सहन झालं नाही. पंगतीला न बसता घरी निघून आले.

महिन्याभरात तिचं पत्र आलं. चारच ओळी. सगळं बरं आहे, वही लवकर पाठव, वर माझं आत्ताचं नाव आणि सासऱ्यांचं नाव घाल, जुनं इथं कुणाला ठाऊक नाही. खाली सही नव्या नावाची.

सही पाहून माझं डोकंच फिरलं. एकटीला त्या तीन प्रकरणांना अडीच महिने लागले. शेवटी वही तयार झाली आणि पाकिटावर मी ठळक अक्षरांत तिचं माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव लिहिलं, आणि खाली फक्त मुक्काम पोस्ट चकलांबा. तिनं पुढं होऊन पोस्टमनला सांगावं की ही मीच, एवढीच माझी अट होती. नव्या सुनेला पोस्टमनपुढं कोण जाऊ देतं, हा विचार मला शिवला नाही.

बारा दिवसांनी पाकीट परत आलं. वर लाल शाईत लिहिलेलं, या नावाची व्यक्ती गावात राहत नाही.

“नाव चुकलं आसंल. दुसरं घालून टाक परत,” वडील म्हणाले.

“नाव बरोबर हाय,” मी म्हणाले आणि पाकीट ट्रंकेत टाकलं.

पुढं माझं लग्न झालं. माझंही नाव बदललं, आणि मीही हसले. चार माणसांत दुसरं करणार तरी काय? निदान तेव्हा तरी वही पाठवायला हवी होती. पण तोवर मला लाज वाटू लागली होती. मग मोबाइल आले, तिचा नंबर कुणाकडूनही मिळाला असता, मी मागितला नाही. जी आपलं नाव विसरली तिला वही कशी आठवेल, असं मी मनाला सांगत राहिले. ते सोयीचं होतं.

मागच्या उन्हाळ्यात ती कॅन्सरनं गेली. मला तेराव्याच्या आदल्या दिवशी कळलं. वही पिशवीत घालून गेले. आता कुणाला द्यायची होती, देव जाणे.

तेलगावची म्हटल्यावर तिच्या मुलीनं मला ओळखलं. “तुमी तेलगावच्या मावशी ना, वहीवाल्या?” म्हणाली आणि माझ्याजवळ बसली. “आई आमाला कापूस येचताना ती गोष्ट सांगायची. दोन दोस्तांची. एकजण रुसून जातो ती.”

“मग?”

“मग तो येतोच की परत. लई वर्सं लागत्यात, पण येतो. आमी म्हणायचो, इतका येळ कावून लागला? तर आई म्हणायची, त्याला पत्ता सापडला नसंल. न्हाई तर तो थांबणारा न्हाई.”

पुस्तकात ते दोघं पुन्हा कधीच भेटत नाहीत. मी तेच माझ्या हातानं वहीत लिहिलं होतं.

“पुस्तकात बी तसंच हाय का, मावशी?”

“तसंच हाय,” मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना. ती पोर माझी पाठ थोपटत राहिली. पत्ता मला पहिल्यापासून ठाऊक होता, एवढं मात्र मी तिला सांगू शकले नाही.