दाराआडच्या सासूबाई

सासूबाई माझ्याशी उभ्या आयुष्यात दोनच प्रसंगी समोरासमोर बोलल्या. दुसऱ्यांदा बोलल्या तेव्हाच मी समजून चुकलो, की आता त्या वाचत नाहीत. त्यांना भेटायला दर्यापूरला गेलो होतो. खाटेवर पडून होत्या, डोक्यावरचा पदर सरकलेला, आणि तो सावरायची धडपड त्यांनी केली नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जवाईबापू, गोदीले दिवस गेले हायेत. तिच्या नवऱ्याले सारं सांगून ठेवा." गोदी म्हणजे माझी थोरली. मी मान हलवली, अकोल्याला परतलो, आणि चार दिवसांत निरोप आला... त्याला आता दीड महिना होत आला.

आमच्याकडे सासू जावयासमोर येत नाही. जे सांगायचं ते दाराआडून, लेकीला उद्देशून. सासूबाई या बाबतीत फार कडक. माजघराच्या दाराआड उभ्या राहून, मला नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणायच्या, "यमुने, जवाईबापूले म्हन, पान वाढलं." मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला, यमुना, म्हणजे माझी बायको, शेजारीच, तरी निरोप तिच्यामार्फत! लग्नानंतर कितीतरी दिवस मी त्यांची पावलं तेवढी पाहिली होती.

गोदी जन्मली त्या वर्षी तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस बंद झाला होता आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. मी अकोल्यात कापसाची दलाली करायचो. लोक गाद्या उसवून आतली रुईसुद्धा बाजारात आणत होते. यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिला भेटायला म्हणून एका दिवसासाठी गेलो आणि तिथंच अडकलो, कारण सातव्यातच ती बाळंत झाली. पौषातली थंडी. पोर एवढीशी, की रडायचंही त्राण तिच्यात नव्हतं. रीतीप्रमाणे बायकांनी न्हाऊ घालायची, ओव्याची धुरी द्यायची तयारी केली. सासूबाईंनी पाण्याचं घंगाळ उचलून अंगणात ठेवलं, धुरीची शेगडी त्याच्यामागे नेऊन विझवली. सगळं गाव कापूस विकत असताना त्यांनी एक गठुडं रुई हट्टानं मागे ठेवली होती. ती टोपल्यात अंथरली, उरलेली पोरीच्या भोवती गुंडाळली, आणि पोर यमुनेच्या उघड्या छातीशी बांधली. दूध थेंबाथेंबानं. हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही, बघायला येणाऱ्यांनी ओसरीवरूनच परत जायचं. पाचवीची पूजासुद्धा पोरीला बाहेर न आणता झाली. बायका कुजबुजल्या, सटवाई कोपेल म्हणाल्या. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि दार ओढून घेतलं.

यमुनेच्या आधी त्यांची दोन लेकरं अशीच अपुऱ्या दिवसांची गेली होती, हे मला यमुनेनं मागाहून सांगितलं. एक आंघोळीनंतर गार पडत गेलं, दुसरं धुरात गुदमरलं. ते दुःख उराशी धरून रडत बसणारी बाई ही नव्हे. तिसऱ्या वेळी काय करायचं नाही, हे तिनं ठरवून ठेवलं होतं.

मग यमुनेला ताप भरला. पोर सासूबाईंनी स्वतःच्या छातीशी घेतली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनाच खोकला सुरू झाला. त्यांनी पोरीला टोपल्यात ठेवलं, तोंडाला पदर घट्ट बांधला आणि दाराआडून बाहेर आल्या. मी गडबडून उठलो.

"जवाईबापू, अंगरखा काढा."

त्यांनी नजर खाली घेतली नाही. "पोर थंडी पडून राह्यली. तुमच्या छातीची ऊब पायजे तिले. लाजू नका, मीनं बी लाज सोडली."

मी अंगरखा काढला. पुढचे कितीतरी दिवस मी बाळंतिणीच्या खोलीत, जिथं पुरुषानं पाऊलही टाकू नये तिथं, पोरीला छातीशी घेऊन बसून होतो. मधेच तिचा श्वास थांबायचा. लांबून सासूबाई सांगायच्या, पाठीवरून बोट फिरवा, तळवा चोळा... मी चोळायचो, श्वास परत यायचा, तोवर माझा जीव टांगणीला. बाजारात माझा माल खोळंबलेला. माझा भागीदार रहमतभाई शोधत शोधत दर्यापूरला आला आणि ओसरीवरून मला पाहून थबकला. "काहून हो, बाळंतीन तुमी हाये का वहिनी?" मी हसलोसुद्धा बेतानं, पोर हलेल म्हणून. तो तसाच परत गेला, आणि माझा माल त्यानंच विकला. त्या हंगामात मी बाजार पाहिला नाही, आणि त्याची हळहळ मला कधी वाटली नाही.

यमुनेचा ताप उतरला, आणि एका सकाळी गोदीनं आईचं दूध स्वतः ओढलं आणि पोट भरल्यावर असं भोकाड पसरलं, की अंगणातले बैल बिचकले. आणि माजघराच्या दाराआडून आवाज आला, "यमुने, जवाईबापूले म्हन, आता अंगरखा घाला." सासूबाई पुन्हा दाराआड गेल्या, म्हणजे पोर वाचली, हे मला त्या आवाजावरून कळलं. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. त्यानंतर शेवटच्या भेटीपर्यंत सासूबाई माझ्यासमोर आल्या नाहीत.

पुढं दर्यापुरात कुणाचं अपुऱ्या दिवसांचं झालं, की त्यांना बोलावणं यायचं. त्या आधी धूर बाहेर काढायच्या, मग गर्दी, मग बापाला हाक मारायच्या. सगळीच लेकरं वाचली नाहीत. जे गेलं, त्याच्यासाठी त्या दिवसभर पाण्याचा घोटही घेत नसत. असं धैर्य मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

सासूबाईंच्या तेरवीला दर्यापूरला गोदी आणि तिचा नवरा आले होते. त्याला गोठ्याकडे नेऊन मी रुईपासून अंगरख्यापर्यंत सगळं सांगितलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला, पण ऐकलं त्यानं नीट. मग आम्ही दोघं जेवायला बसलो, नेमके त्या दारासमोर. तिथं कुणी नव्हतं. मी पान मागे सारलं... तेवढ्यात दाराआडून यमुनेचा आवाज आला, थेट तिच्या आईच्या बेताचा, "गोदे, जवाईबापूले म्हन, भात वाढू का?"

म्हणजे अजून सारं ठीक आहे. मी पान पुढं ओढलं आणि जेवू लागलो.